देवरावच्या हातच्या भिंती

ठमाबाईची पहिली लेक गोकुळा भिंतीखाली गेली, तेव्हा घनश्याम पोटात होता. भादव्यातली दुपार होती. लागून राहिलेली पावसाची झड नुकतीच उघडली होती आणि पोर घराच्या आडोशाला बसून भाजलेला भुट्टा खात होती. भिंत पडली तेव्हा मोठा आवाजही झाला नाही. ओलं पोतं खांद्यावरून खाली टाकावं तसं काहीतरी झालं, एवढंच. ठमाबाई चुलीपाशी होती. बाहेर येऊन पाहते तर भिंतीच्या जागी मागचं वावर दिसत होतं.

ती भिंत देवरावनं, तिच्या नवऱ्यानंच घातली होती. मातीच्या भिंती घालाव्या तर देवरावनं, असं तेव्हा मूल गावाच्या अलीकडच्या सगळ्या खेड्यांत म्हणत. पाटलाच्या घराची भिंत त्याची, कुणब्यांच्या गुरांच्या कोठ्यांच्या भिंती त्याच्या. ज्या घरांच्या ओसरीवर त्याला बसू देत नव्हते, त्या घरांच्या भिंतींवर त्याच्या बोटांचे वळ होते. त्या साली लोकांची कामं करता करता जेठ सरत आला, आणि स्वतःच्या घराची मागची भिंत तेवढी राहून गेली. मग ती घाईघाईनं, खालचा थर वाळायच्या आत वरचा थर टाकून उभी केली. कोणी त्याला बोल लावला नाही. ठमाबाईनंही नाही. पण त्यानंतर देवरावनं भिंतीच्या चिखलाला हात लावला नाही. जंगलात बांबू तोडायला गेला, तेंदूपत्ता गोळा करायच्या फळीवर गेला, दुसऱ्यांच्या धानात राबला. लोक बोलवायला येत, तो 'पाठ दुखते' म्हणून सांगे. हळूहळू लोक यायचे थांबले.

घनश्याम मोठा झाला तेव्हा, तुझी बहीण तापानं गेली, असं त्याला कधीतरी सांगितलं गेलं. कोणी ठरवून सांगितलं नाही. एकदा तसं तोंडातून निघालं, आणि मग तेच राहिलं.

पोरगा हुशार निघाला. चंद्रपूरला वसतिगृहात राहून शिकला, पुढं नागपूरला गेला आणि घरांचे नकाशे काढणारा आर्किटेक्ट झाला. त्यांच्या गावच्या, पिपरटोल्यातल्या बौद्ध मोहल्ल्यात एवढं शिकलेला तो पहिलाच. त्याची बायको वच्छला नागपुरात शाळेत शिकवायची. त्यांना एक मुलगी होती, नुकती चालायला लागलेली. पोरगा नोकरीला लागल्यापासून ठमाबाईच्या मनात एकच होतं. कोळशाच्या खदानीत लागलेल्या डोमा रामटेकेच्या पोरानं बांधलं तसं विटांचं, वर स्लॅबचं घर. पक्कं. ज्याच्या भिंतीला टेकून पोराबाळांनी बसावं आणि आपण निवांत स्वयंपाक करावा, असं घर.

१९८६ च्या हिवाळ्यात धान निघाल्यावर घनश्याम नागपूरहून कागदांची मोठी सुरळी घेऊन आला. ओसरीत सतरंजी अंथरून त्यानं ती उलगडली आणि चार कोपऱ्यांवर चार लोटे ठेवले.

"बाबा, माय, हे आपलं घर," तो म्हणाला.

त्याच्या ऑफिसकडं अहेरीच्या बाजूला एका आश्रमशाळेचं काम होतं. त्या निमित्तानं तो वर्षभर त्या मुलखात फिरला होता. गावोगावची घरं त्यानं बघितली होती, मोजली होती, त्यांची चित्रं काढली होती. जाड मातीच्या भिंती, खाली उतरत आलेलं कवेलूचं, कौलारू छप्पर, दोन्ही अंगांना ओसरी, मधे आंगण. बाहेर आग ओतत असताना आत कसं गार असतं, हे तो हात हलवून हलवून सांगत होता. आपल्या नकाशात त्यानं तेच सगळं घेतलं होतं, पण खाली दगडाचं उंच जोतं, घरातच न्हाणी आणि संडास, उभ्यानं स्वयंपाक करता येईल असा ओटा, धूर जायला वर खिडकी.

"शहरात लोक काँक्रीटच्या डब्यात राहून राह्यले, माय. उन्हाळ्यात भट्टी होते त्याची. आपल्याजवळ इतकं चांगलं होतं अन् आपणच त्याले टाकून देऊन राह्यलो."

"भिंती कायच्या?" ठमाबाईनं विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"मातीच्या."

"मले स्लॅब पाह्यजे."

घनश्याम हसला. लहान पोरानं काही मागितल्यावर हसतात तसा. मग त्यानं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. वच्छला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सासूकडं बघत ती म्हणाली, "मातीचं घर म्हणजे दर आठवड्याला सारवण आलं. आपण नागपुरात राहणार. आत्याबाईंनी या वयात एवढ्या भिंती सारवायच्या का?" घनश्यामजवळ त्यालाही उत्तर होतं, मातीत काय मिसळलं की सारवण कमी लागतं ते. वच्छलानं मान हलवली आणि आत गेली.

देवराव एवढा वेळ कागदाकडं बघत होता. त्याला रेघा कळत होत्या की नाही कोण जाणे, पण त्याचं बोट एका जाड रेघेवर येऊन थांबलं होतं.

"बाबा," घनश्याम म्हणाला, "सगळे सांगतात, तुमच्या हातची भिंत म्हणजे भिंत. म्या पाटलाच्या वाड्याची पाह्यली. अजून एक तडा नाई. मले या घराच्या भिंती तुमच्याच हातच्या पाह्यजेत. दुसऱ्या कोणाच्या नाई."

ठमाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तिला वाटलं, आता हा उठून जाईल.

"पाहू," देवराव म्हणाला.

संध्याकाळी ती बैलांना तणीस टाकायला गेली, तर देवराव कोठ्यातच खांबाला टेकून उभा होता. "त्याले सांगून टाका," ती म्हणाली.

"काय सांगू? तुयी बहीण म्या मारली म्हणून सांगू?"

"तसं कोण म्हणते?"

"मंग कसं सांगते तू? सांग बरं मले."

ठमाबाईनं वाकून तणीस बैलांपुढं पसरलं. देवराव म्हणाला, "त्याचं जोतं दगडाचं आहे. कंबरभर. पाणी लागत नाई त्याले." आणि मग आणखी हळू, "भिंत दीड हात जाड धरली आहे त्यानं."

पोरगा हे सगळं तासभर सांगत होता तेव्हा याचं लक्ष कुठं होतं, ते तिला तेव्हा कळलं.

माघात जोतं झालं. बोडीचं, गावच्या लहान तळ्याचं, पाणी आटलं तशी तिथली चिकण माती बैलबंड्यांनी आणून टाकली. देवरावचा जुना सोबती लटारू ढिवर माती तुडवायला आला. दोघं म्हातारे गुडघ्यापर्यंत चिखलात उभे राहून, तणसाचा चुरा टाकत, गोल गोल फिरत माती तुडवत. पहिल्या दिवशी देवराव काठावर बराच वेळ नुसता उभा होता. लटारूला ठाऊक होतं. त्यानं वाकून चिखलाचा एक गोळा उचलला आणि देवरावच्या हातात दिला.

त्यानंतरचे दिवस ठमाबाईला पुढं जन्मभर आठवत राहिले. जो माणूस इतकी वर्षं जेवून उठे आणि भिंतीकडं पाठ करून बसे, तो पहाटे उठून वावराकडं न जाता नव्या जागेकडं जाऊ लागला. हातभर थर टाकायचा, काठीनं ठोकायचा, कडा कापायच्या आणि थांबायचं. वाळू द्यायचं. तळहात लावून बघायचं, कान लावून बघायचं, आणि मनाची खात्री झाल्यावरच वरचा थर. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत. बुधरी नावाची एक म्हातारी गोंडीण मोहाची फुलं विकायला यायची, तीसुद्धा टोपली खाली ठेवून बसे. देवराव जेवताना बोलायला लागला. एकदा तर त्यानं भाजीला मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत त्यानं ताटातल्या कशाला नावही ठेवलं नव्हतं आणि चांगलंही म्हटलं नव्हतं.

ठमाबाईनं स्लॅबचं नाव काढणं सोडून दिलं.

पण काम फार हळू चाललं होतं. घनश्याम सुटी मिळेल तसा यायचा, आणि दर वेळी भिंती त्याच्या अंदाजापेक्षा खालीच असायच्या. चैत गेला, वैशाख गेला. सागाचे खांब येऊन पडले होते, कवेलू रचून ठेवली होती. त्याच्या ऑफिसातले मोठे साहेब हे घर बघायला येणार होते, त्याचे फोटो काढणार होते. छप्पर चढायच्या आत पाऊस आला तर सगळंच वाया जाणार होतं. मागची खोली, म्हणजे स्वयंपाकघर, अजून कंबरेएवढीही आली नव्हती.

"बाबा, थोडं लवकर घ्या ना," तो म्हणायचा.

"वाळलं नाई अजून."

"वरून वाळलं आहे. म्या पाह्यलं."

"आतून नाई वाळलं."

घनश्याम वाद घालत नसे. पण त्याच्या कपाळावरची शीर फुगलेली ठमाबाईला दिसे. बापाच्या कारागिरीचं कौतुक त्याला होतं, आणि तिचा वैतागही येऊ लागला होता.

जेठाच्या सुरुवातीला देवरावची वहिनी वारली आणि त्याला दिवसकार्यासाठी सिंदेवाहीला जाऊन राहावं लागलं. नेमका त्याच आठवड्यात घनश्याम वच्छलाला आणि लेकीला घेऊन आला. आभाळाकडं बघून त्यानं गावातली चार तरणी माणसं लावली. लटारू म्हणाला, "देवराव येऊ दे, बापू." घनश्याम म्हणाला, "ते येईपर्यंत पाणी येते, लटारूभाऊ." लटारू टोपलं टाकून घरी गेला. ठमाबाई विहिरीवरून धुणं घेऊन येताना रोज भिंत वाढलेली बघत होती. सांगावं, आता तरी सांगावं, असं तिच्या रोज जिभेवर येत होतं. मग तिला देवरावचं जेवतानाचं तोंड दिसे. सांगितलं की घर थांबेल, पोरगा बापाकडं वेगळ्या डोळ्यांनी बघेल, आणि देवराव पुन्हा भिंतीकडं पाठ करून बसेल. उद्या सांगू, असं म्हणत तिनं ते दिवस घालवले. देवराव परत आला तेव्हा मागची खोली डोक्याच्या वर गेली होती.

तो बसवरून उतरून सरळ तिकडंच गेला. पिशवी काखेतच होती. त्यानं भिंतीला तळहात लावला आणि तसाच उभा राहिला.

"हे पाडून टाका," तो म्हणाला.

"बाबा, आयका तं," घनश्याम समजावणीच्या सुरात म्हणाला. "खाली दगड आहे. दीड हात रुंदी आहे. वळचण चार हात बाहेर येते, पाण्याचा थेंब लागत नाई. म्या हिशेब करूनच उचलली आहे. हे पडत नाई."

"पाडून टाक, घनश्याम."

"काऊन पण? काही कारण तं सांगा."

देवरावनं ठमाबाईकडं पाहिलं. ती पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. अंगणात वच्छला लेकीला भरवत होती, आणि पोर घास तोंडात घेऊन, हात पसरून, त्याच ओल्या भिंतीकडं धावत सुटत होती. तिला थंड माती अंगाला लावायला आवडायचं.

"पाडून टाक," देवराव पुन्हा म्हणाला. कारण त्यानं सांगितलं नाही. तिनंही नाही.

घनश्याम चिडला. आयुष्यात पहिल्यांदा बापासमोर त्याचा आवाज चढला. तुमचा हात चांगला आहे पण सगळ्या गोष्टी तुमच्याच मनासारख्या होणार नाहीत, तुम्हाला दुसऱ्याचं काम बघवत नाही, असं काहीबाही तो बोलला. देवरावनं ऐकून घेतलं. जेवायला बसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घनश्याम छपरासाठी सुतार आणायला मूलला गेला. वच्छला पोरीला घेऊन विहिरीवर गेली होती. देवरावनं कोठ्यातून पहारीसारखी लोखंडी सब्बल काढली. ठमाबाई चुलीपुढं भाकर थापत होती, त्यानं सब्बल खांद्यावर घेतलेली तिनं पाहिली. तिला वाटलं, पाडतो आहे तर पाडू दे. बरंच आहे. पोरगा आल्यावर काय बोलायचं ते बोलेल. तिनं तव्यावरची भाकर उलटली.

सब्बलीचे ठोके ऐकू येत होते. मग ते थांबले. आणि तिनं तो आवाज ऐकला, मोठा नसलेला, जो तिला ओळखायला क्षणाचाही वेळ लागला नाही.

भिंत पाडायची तर वरून उतरवत आणायची, हे देवरावएवढं कोणाला ठाऊक नव्हतं. त्यानं खालून फोडली होती. जोत्याच्या लगत, आत जाऊन. लटारूनं आणि मोहल्ल्यातल्या माणसांनी हातांनी माती उपसून त्याला बाहेर काढला तेव्हा तो शुद्धीवर होता. कंबरेपासून खाली काही उरलं नव्हतं. तोंडावरचा चिखल ठमाबाईनं पदरानं पुसला. त्यानं डोळे उघडले आणि आधी विचारलं, "पोरगी कुठी आहे?"

"विहिरीवर आहे. वच्छलाजवळ."

त्यानं डोळे मिटले.

जीप मिळवून त्याला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी करायचं ते केलं, पण घनश्यामला बाजूला घेऊन जे सांगायचं तेही सांगितलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर घनश्याम डोकं धरून बसला होता. "काऊन केलं असं बाबानं?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "म्या एवढं सांगितलं, ती भिंत पडणारी नव्हती. काऊन?"

ठमाबाई त्याच्या शेजारी बसली आणि तिनं त्याला गोकुळाचं सांगितलं. भुट्टा खात होती तेही सांगितलं. आवाज कसा झाला तेही. सांगायला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं जे एवढं मोठं वाटत होतं, ते नळावर पाणी भरणाऱ्या बाईची बादली भरायच्या आत सांगून झालं.

घनश्याम उठून आत गेला. ती मागून गेली. तो खाटेपाशी खाली बसला आणि बापाचा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्या हाताच्या नखांत अजून माती होती.

"बाबा, मले माहीत नव्हतं."

देवरावला ऐकू आलं की नाही ते कळलं नाही. डोळे न उघडता तो म्हणाला, "पडली का सगळी?"

"पडली. सगळी पडली."

"बरं झालं," देवराव म्हणाला.

त्यानंतर तो ग्लानीतच होता. पहिला मोठा पाऊस पडायच्या आत त्याला पिपरटोल्याला परत आणलं, ते जीपमधून, पांढऱ्या कपड्यात. मोहल्ल्यानं बुद्धवंदना म्हटली. लटारू नदीकाठपर्यंत सोबत आला आणि सगळे परतल्यावरही तिथंच बसून राहिला.

घर अर्धं तसंच उभं होतं. घनश्याम म्हणाला, सगळं पाडून टाकतो, तुला इथं विटा-स्लॅबचं बांधून देतो. तेव्हा तो रडत होता. दवाखान्यात रडला नव्हता.

"त्याच्या हातच्या भिंती पाडतो तू?" ठमाबाई म्हणाली.

"तू मले आधी सांगितलं असतं तं, माय. पहिल्या दिवशीच. म्या मातीचं नावच घेतलं नसतं."

"हो. नसतंच घेतलं."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

ओसरीच्या जागेवर खांब आडवे पडले होते, त्यातल्या एकावर ती बसली होती. "पहिल्यांदा त्याच्याच्यानं बोलवलं नाई, माझ्याच्यानंही नाई," ती म्हणाली. "मंग तो चिखलात उतरला. तू नव्हता इथी, तुले माहीत नाई. तो जेवताना बोले. माझ्या भाजीले नाव ठेवे. गोकुळा गेल्यापासून म्या त्या माणसाले पाह्यलंच नव्हतं, तो मले या उन्हाळ्यात दिसला. म्या म्हटलं, राहू दे असाच. आज नोको, उद्या सांगू."

घनश्याम तिच्याकडं बघत राहिला. तिला वाटलं, आता हा आपल्याला काहीतरी बोलेल, आणि बोलला तर बरं होईल. पण तो उठून आडवे पडलेले खांब मोजू लागला.

पावसाआधी देवरावच्या तेवढ्या भिंतींवर छप्पर चढवून घेतलं. मागची खोली नंतर विटांनी बांधली, आणि तिच्यावर स्लॅब टाकला. नकाशात नव्हतं तसं ते घर झालं, पुढून कवेलूचं आणि मागून स्लॅबचं. ऑफिसातले साहेब आले नाहीत. घनश्यामनं त्यांना बोलावलंच नाही. नागपुरात तो पुढं दुसऱ्यांची घरं काढत राहिला, विटांची, काँक्रीटची. मातीच्या घरांची त्यानं काढलेली चित्रं वच्छलानं कपाटावर बांधून ठेवली. पावसाळ्यात तो कधी पिपरटोल्याला आला नाही. वच्छला मात्र लेकीला घेऊन यायची, आणि सासूबरोबर बसून भिंती सारवायची. पहिल्या वेळी तिला शेणाचा वास सहन झाला नाही, पुढं सवय झाली.

एका श्रावणात झड लागली असताना तिनं विचारलं, "आत्याबाई, तुम्ही पावसात मागच्या खोलीत काऊन नाई निजत? ती तर पक्की आहे."

"इथीच निजतो मी," ठमाबाई म्हणाली.

तिनं पुढच्या खोलीत, देवरावच्या भिंतीलगत सतरंजी टाकली होती. बाहेर कवेलूवरून पाणी धो धो पडत होतं. तिला भीती वाटत होती, दर पावसात वाटायची, आणि झोप लागायची नाही. उठून ती भिंतीला तळहात लावून बघे. भिंत कोरडी असे. मग ती परत आडवी होई, आणि नात जिथं निजली असेल तिथून तिला उचलून, भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध आणून ठेवी.